मुंबई–टोकियो: जाताना बारा तास आणि येताना साडेसहा, हे गणित नेमकं काय आहे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका काकांचा प्रश्न आहे. लेक टोकियोला असते, तिच्या बाळंतपणासाठी काका-काकू नोव्हेंबरच्या शेवटी चाललेत आणि फेब्रुवारीत परत येणार. तिकीट मुंबई–नारिता थेट विमानाचं. जाताना रात्री ८:०० ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ७:५० ला पोचतंय, येताना सकाळी ११:०० ला सुटून त्याच दिवशी संध्याकाळी ५:३० ला मुंबईत. म्हणजे जाताना जवळजवळ बारा तास आणि येताना साडेसहा, अंतर तर तेच, मग असं कसं? एजंट म्हणाला वारं असतंय, जावई म्हणाले पृथ्वी फिरते म्हणून. शिवाय नेटवर अंतर एका ठिकाणी ६,७३० दाखवतंय, एका ठिकाणी ६,८००, त्यातलं खरं कुठलं?

काका, माझी सगळी नोकरी फ्लाइट डिस्पॅचमधे गेली, म्हणजे विमान सुटायच्या आधी कुठल्या वाटेनं जायचं, किती इंधन भरायचं, वाटेत हवा कशी आहे हे कागदावर (नंतर स्क्रीनवर) मांडून कॅप्टनच्या हातात देणारा माणूस, त्यामुळं हा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलतो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. सुटायची वेळ मुंबईची आणि पोचायची वेळ टोकियोची. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे. तुम्ही रात्री ८ ला निघता तेव्हा लेकीच्या घरी रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, तिथून सकाळचे ७:५० म्हणजे ८ तास २० मिनिटं. आणि परत येताना नारिताला ११ वाजलेत तेव्हा कोल्हापुरात सकाळचे साडेसात असतात, तिथून संध्याकाळचे साडेपाच म्हणजे पूर्ण १० तास. म्हणजे तिकीट बघून जे वाटतंय त्याच्या बरोबर उलट आहे, जाणं छोटं आणि येणं लांबलचक. ज्यांना बसून बसून पाय सुजायचा त्रास आहे त्यांनी काळजी येतानाची करावी, जातानाची नव्हे. बहुतेक लोक हेच उलटं धरतात, काकूंना जाताना आराम मिळावा म्हणून जादा पैसे भरून पुढची सीट घेतात आणि येताना मागं कोपऱ्यात बसवतात.

आता उरला तो १ तास ४० मिनिटांचा फरक, तो मात्र खरा आहे, घड्याळाचा नाही. त्यात एजंट बरोबर आणि जावई चुकीचे, पण जावयांची बाजू मी शेवटी जराशी घेणार आहे.

अंतराचं आधी संपवू. विमानाचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची दोन गावांमधली सगळ्यात छोटी रेघ. मुंबई ते हानेदा हे ६,७३० ते ६,७५० किलोमीटरच्या आसपास भरतं आणि मुंबई ते नारिता ६,८०० च्या जवळ. टोकियोला दोन विमानतळ आहेत, हानेदा शहराला चिकटून आणि नारिता शहराच्या पूर्वेला साठेक किलोमीटर लांब, आणि आपण पश्चिमेकडून येतो त्यामुळं नारिता आपल्याला तेवढंच लांब पडतं. दोन आकड्यांचं भांडण एवढंच आहे, दोन्ही बरोबर आहेत.

पण ती रेघ जाते कुठून हे बघण्यासारखं आहे. घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं टोकियोवर, आणि घट्ट ओढा. भिंतीवरचा नकाशा बघून वाटतं की रेघ म्यानमारवरून जाईल, पण दोरा वर सरकतो, उत्तर बिहारवरून निघतो, भूतानच्या बाजूनं हिमालय ओलांडतो, तिबेटच्या पूर्व भागातून जातो आणि बरोबर निम्म्या वाटेवर चीनच्या सिचुआन प्रांतात छंगतू शहराच्या जवळपास येतो. तिथून पुढं पिवळा समुद्र, दक्षिण कोरिया आणि मग जपान.

कोल्हापूरकरांसाठी यात एक गंमत आहे जी मला स्वतःला मोजल्याशिवाय खरी वाटली नव्हती. उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळापासून टोकियोचं सरळ अंतर काढा, ते मुंबईपासूनच्या अंतराएवढंच येतं, दहा-पंधरा किलोमीटर इकडंतिकडं. कारण टोकियो आपल्या ईशान्येला आणि मुंबई वायव्येला. म्हणजे तुम्ही रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसनं नाहीतर पुण्यावरून पावणेचारशे किलोमीटर गाडीनं मुंबई गाठता तेव्हा टोकियोच्या दिशेनं म्हणाल तर जागचे हललेलेच नसता! बंगळूरवरूनही नारिताला थेट विमान आहे आणि तिथून अंतर ६,७०० च्या आसपासच आहे, त्यामुळं कोल्हापूर–बंगळूर विमानाची वेळ जुळत असेल तर कोल्हापूरवाल्यानं फक्त मुंबईच धरून बसायचं कारण नाही, पण तुमचं तिकीट काढून झालंय तर ते राहू दे.

तर ही सरळ रेघ झाली, पण विमान त्या रेघेवरून सहसा जात नाही. अडचण तिबेटची. विमानात समजा काही बिघाड होऊन केबिनमधला हवेचा दाब गेला तर वरून पिवळे मास्क पडतात ना, त्यातला प्राणवायू फार वेळ पुरायचा नसतो, साधारण पंधरा-वीस मिनिटं धरा. तेवढ्यात पायलटनं विमान १०,००० फुटांवर म्हणजे तीनेक किलोमीटर उंचीवर आणायचं असतं, जिथं माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. आणि तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर आहे. खाली यायचं तर जमीनच आडवी येते. म्हणून तिथून जायचं तर खास परवानगी, जादा प्राणवायू, कुठं काय झालं तर कुठल्या बाजूला वळायचं याचा आधीच आखलेला मार्ग हे सगळं लागतं, आणि एवढं करून वाचणार किती, तर शंभर-दोनशे किलोमीटर. कोण करतंय. म्हणून बहुतेक वेळा विमान मुंबईहून कोलकात्याच्या बाजूला, तिथून बांगलादेश, म्यानमार, चीनचं कुनमिंग, मग शांघायच्या बाजूनं समुद्रावर आणि जपान, असं हिमालयाला दक्षिणेकडून वळसा घालून जातं. ते भरतं ६,९०० ते ७,००० किलोमीटर. रोज तेच नसतं हं, कुठं लष्करी सराव चाललाय, कुठं वादळ आहे, कुठल्या देशानं कुठला पट्टा बंद केलाय, त्याप्रमाणं बदलतं.

आता हिशोब मांडू. या मार्गावर जातात ती मोठी विमानं, बोइंग ७८७ सारखी, हवेत साधारण ताशी ९०० किलोमीटरनं जातात. ७,००० भागिले ९०० म्हणजे पावणेआठ तास आणि वर थोडं. वारंच नसतं तर जाताना-येताना तेवढेच लागले असते. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारं नसलेला दिवस हिवाळ्यात या वाटेवर मिळत नाही. वारं पश्चिमेकडून पूर्वेला वाहतं, आपल्याकडून जपानकडं. सगळ्या वाटेवर सरासरी ताशी १०० चं धरू, जाताना जमिनीच्या हिशोबात वेग झाला १,०००, वेळ ७ तास. येताना ८००, वेळ पावणेनऊ तास. यात दोन्हीकडं धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरायला रांगेत थांबणं, आणि कंपनीनं उशिराचा शिक्का बसू नये म्हणून वेळापत्रकात घातलेली थोडी सूट, हे मिळून सव्वातासाच्या आसपास टाका, तुमच्या तिकिटावरचे ८:२० आणि १०:०० बरोबर जुळतात.

नृसिंहवाडीला होडीत बसला असाल तर कृष्णेच्या ओढीबरोबर आणि ओढीविरुद्ध वल्हवण्यातला फरक तुम्हाला सांगायला नको. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जाताना वाऱ्यानं दिलेलं येताना तेवढंच काढून घेतलं, म्हणजे बरोबरी झाली असं वाटतं, ती होत नाही. वारं नसतं तर येऊन-जाऊन साडेपंधरा तासांच्या जरा वर लागले असते, वरच्या हिशोबात पावणेसोळा झाले. कारण विरुद्ध वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, म्हणून त्याचा मार जास्त खाता. वारं नेहमी थोडं खातंच, आणि त्या दहा-बारा मिनिटांचं इंधन कंपनीच्या खिशातून जातं.

हे जे वारं आहे त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि जपानवर हिवाळ्यात ते जेवढं जोरात असतं तेवढं जगात फार कमी ठिकाणी. डिस्पॅचमधे वाऱ्याचा नकाशा यायचा त्यात बारीक काडीला बाण लावल्यासारखी खूण असते, छोटी रेघ म्हणजे ५ नॉट (नॉट हे वेग मोजायचं माप), मोठी रेघ १० नॉट, भरलेला काळा त्रिकोण ५० नॉट. आपल्या नागपूर-कोलकात्यावर एक त्रिकोण आणि काही रेघा दिसायच्या, आणि डोळे पूर्वेकडं सरकवत नेले की जपानच्या दक्षिणेला जानेवारीत एकाच काडीवर तीन-तीन त्रिकोण. म्हणजे १५० नॉट, ताशी पावणेतीनशे किलोमीटर. नवीन पोरगं ड्यूटीवर आलं की त्याला छपाईची चूक वाटायची.

हे वारं शोधलंही टोकियोच्या जवळच. वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात त्सुकुबाजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून वरची हवा मोजत होते, त्यांना हिवाळ्यात वर भयंकर वेगाचं वारं सापडलं. जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६ मधे अहवाल छापला तो एस्परांतो नावाच्या, सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत, आणि एस्परांतो वाचणारं कोण होतं, त्यामुळं बाहेर फारसं कुणाला कळलंच नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर बॉम्ब टाकायला उंचावरून आली तेव्हा त्यांना हे वारं आपटून आपटून कळलं, विमानं इतकी वेगानं पुढं ढकलली जात होती की नेम लागेना.

तुम्हाला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. समोरच्या सीटच्या स्क्रीनवर नकाशा लावा, त्यात ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबातला वेग असतो. मुंबई सोडल्यावर ९५० च्या आसपास दिसेल, आणि रात्री उशिरा चीनचा पूर्व किनारा सोडला की आकडा चढायला लागतो, १,०५०, १,१००, कधी त्याच्याही वर. काही लोक घाबरतात, काही फोटो काढून विमानानं आवाजाचा वेग गाठला म्हणून ग्रुपवर टाकतात. तसलं काही नसतं, विमान हवेत तेच ९०० नं चाललंय, हवाच सगळी त्याला घेऊन पुढं चाललीय. त्याच सुमाराला सीटबेल्टचा दिवा लागायची शक्यता जास्त असते, कारण जोराच्या वाऱ्याच्या कडेला हवा घुसळलेली असते. चहा अर्धा कपच घ्या.

येताना याच वाऱ्याशी सामना. तिथं आमचं खरं काम सुरू व्हायचं. सरळ वाटेनं गेलं तर अंतर कमी पण तोंडावर वारं, खाली दक्षिणेला सरकलं तर अंतर जास्त पण वारं कमी. समजा सरळ वाट ७,००० आणि समोरून १२० चं वारं, लागले जवळपास ९ तास. दक्षिणेची वाट ७,२०० आणि वारं ६० चं, लागले ८ तास ३५ मिनिटांच्या आत. दोनशे किलोमीटर जास्त फिरून वीस-पंचवीस मिनिटं आधी घरी. म्हणून येताना स्क्रीनवर विमान ओकिनावाकडं कललेलं दिसलं तर पायलट वाट चुकला म्हणून काकूंना उठवू नका. त्यामुळंच मी सांगत असतो की किलोमीटर विचारून काही कळत नाही, तास विचारा, आणि तेही कुठल्या महिन्यात ते सांगून.

महिना महत्त्वाचा आहे. विमान कंपन्यांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. तुमच्या तिकिटावरची वेळ हिवाळ्याची आहे. हेच विमान जुलैत बघाल तर जाताना थोडं जास्त आणि येताना कमी दाखवेल, कारण आपल्याकडं मान्सून यायच्या सुमाराला हे पश्चिमेचं वारं हिमालयाच्या दक्षिणेकडून उठून तिबेटच्या उत्तरेला जातं. पावसाळ्यात तर दक्षिण भारतावर वरच्या हवेत उलटं, पूर्वेकडून पश्चिमेला वारं वाहतं, त्यावर आपल्याच हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मधे सविस्तर मांडलेलं आहे. म्हणजे कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावरून चाललेलं असतं तेव्हा वर टोकियोच्या विमानांचा हिशोबही बदललेला असतो.

इंधनाचं थोडक्यात. वाटेत वारं वाढलं तर काय म्हणून काकूंना भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. विमानात नुसतं वाटेपुरतं भरत नाहीत. वाटेचं अधिक त्याच्यावर साधारण पाच टक्के, नारिताला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्याच्यावरही आकाशात अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. हे नियमानं सक्तीचं आहे. वारं फारच विरुद्ध असलं की इंधन वाढतं आणि त्यासाठी कधी कधी माल कमी केला जातो, त्यात एखादी बॅग दुसऱ्या दिवशी येऊ शकते, म्हणून औषधं, बीपीच्या गोळ्या, चष्मा हातातल्या पिशवीतच.

आता जावयांचं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते, म्हणून विमान वर उचललं की खालून टोकियो आपल्याकडं येणार किंवा लांब पळणार असं त्यांना वाटत असेल तर तसं होत नाही, हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. तसं असतं तर आपण रंकाळ्यावर उडी मारून पन्हाळ्यावर पडलो असतो. पण हे पश्चिमेचं वारं तयार का होतं विचाराल तर विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून उत्तरेकडं सरकते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळं ती पूर्वेकडं वळत जाते, म्हणजे फिरून पृथ्वीच्या फिरण्यावरच गाडी आली. एवढं श्रेय त्यांना द्या, जावई माणूस आहे.

मधे उतरून जाणाऱ्या विमानांचंही विचारलंय, मैत्रिणीच्या मुलानं सिंगापूरवरून स्वस्तात तिकीट काढलं म्हणून. मुंबई–सिंगापूर ३,९०० आणि सिंगापूर–नारिता ५,३५०, मिळून सव्वानऊ हजार, थेट अंतराच्या सव्वापटीहून जास्त. बँकॉकवरून ७,७०० च्या आत, हाँगकाँगवरून सव्वासात हजार, दिल्लीवरून सात हजार. म्हणजे दिल्ली किंवा हाँगकाँग जवळपास वाटेवरच आहेत, सिंगापूर सरळ सरळ खाली उतरून परत वर चढणं आहे. पण यातही अंतरापेक्षा मधे किती तास बसायचंय ते बघायचं, चार तासांची बसकण आली की सगळा हिशोब संपला. साठीच्या पुढच्या माणसांनी थेट विमानच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, आठ-दहा हजार जास्त गेले तरी जाऊ द्यात.

राहिला कोल्हापूर–मुंबईचा टप्पा, आणि खरी फजिती लोकांची इथंच होते, टोकियोकडं नाही. विमानानं ३१० किलोमीटर, त्याला वेळापत्रकात तासभर लागतो, कारण छोट्या अंतरात चढणं-उतरणंच जास्त. जाताना कोल्हापूर–मुंबई विमान वेगळ्या तिकिटावर काढलं असेल तर त्याला उशीर झाला म्हणून टोकियोचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळतीलच असं नाही. त्यात ते विमान कुठल्या टर्मिनलला उतरतं ते बघा, मुंबईत टी-१ आणि टी-२ मधे बाहेरच्या रस्त्यानं जावं लागतं, सामान घेऊन, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही आहे, तिकिटावर मुंबई लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. रात्री ८ चं विमान आहे तर पाचच्या आत टी-२ वर असा. आदल्या रात्री महालक्ष्मीनं निघून दिवसभर नातेवाइकांकडं पडून राहिलेलं सगळ्यात बरं.

येताना साडेपाचला उतरून त्याच रात्रीची महालक्ष्मी पकडायचा बेत तुम्ही लिहिलाय, तो रद्द करा. फेब्रुवारीत विरुद्ध वारं जोरात असतं, दहाचे साडेदहा तास सहज होतात. मग इमिग्रेशन, बॅगा, आणि संध्याकाळच्या गर्दीत सहारहून सीएसएमटी, गाडी साडेआठच्या आसपास सुटते, घाम फुटेल. त्यापेक्षा सायन किंवा वाशीहून रात्री दहाच्या पुढं सुटणारी स्लीपर बस बघा, नाहीतर एक रात्र मुंबईत झोपून सकाळी निघा.

आणि काकूंना सांगा, लेकीला आवडतं म्हणून मटणाचं लोणचं किंवा सुकं मटण डब्यात भरू नका. जपानमधे मांसाचे पदार्थ असे नेता येत नाहीत, नारिताला कुत्रं बॅग हुंगतं आणि काढून घेतात, वर दंडाची भानगड. कांदा-लसूण मसाला आणि तिखटाची पाकिटं चालतात, पॅकबंद आणि वर नाव लिहिलेली असली म्हणजे झालं.